धुता येईल तीच भेट

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात पुरुषाचा फुलबाह्यांचा जुना शर्ट कुणी टाकून देत नाही. साडीवरून तो चढवून घरच्या बाया शेतात जातात. कापूस वेचताना बोंडाची वाळकी टोकं हाताला ओरखडे काढतात, वरून ऊन असतं, आणि या दोन्हींवर शर्टाच्या बाह्या पुरेशा असतात. कमरेला जुन्या लुगड्याची झोळी, डोक्याला जुन्या धोतराचा तुकडा. गाव जाम असो, नंदोरी असो, गिरड, मांडगाव की कोरा असो, जुन्या कपड्यावर पहिला हक्क शेताचा. भेटवस्तूचा विचार त्यानंतर.

हे आधीच सांगितलेलं बरं. मोबाइलवरच्या चित्रफिती बघून शिवायला बसलं की वाटतं, प्रत्येकाच्या कपाटात धडधाकट कपड्यांचा ढीग नुसता पडून आहे. आपल्याकडे पडून असतं ते निराळंच. ओटीत आलेले आणि कधीच न शिवलेले ब्लाऊज पीस, आहेरात मिळालेली नि न आवडलेली साडी, गुडघ्यावर विरलेली मुलाची जीन्स, आजीची मऊ सुती लुगडी आणि आजोबांची धोतरं. या एवढ्या सामानातून घरच्या घरी, साध्या शिलाई मशीनवर किंवा नुसत्या सुईदोऱ्याने, द्यायला लाज वाटणार नाही असं काय होऊ शकतं, ते इथे सांगते आहे.

सुरुवातीलाच एक नियम घालून घ्या. जी वस्तू धुता येत नाही ती करू नका. गोंदाने चिकटवलेली कापडी फुलं, काचेच्या बाटलीला गुंडाळलेली जरीची पट्टी, पुठ्ठ्यावर ताणून बसवलेली चिंध्यांची चौकट हे सगळं पहिल्या आठवड्यात कौतुकाचं असतं आणि दुसऱ्या पावसाळ्यात त्याला बुरशी येते. मग घेणाऱ्याची पंचाईत होते. ठेवावं तर धूळ, टाकावं तर तुम्ही विचारणार. कापडाची वस्तू बादलीत पडून, पिळून, दोरीवर वाळून पुन्हा घडी होत असेल तरच ती त्या घरात टिकते.

वर्धा जिल्ह्याला हाताने केलेल्या भेटीचं अप्रूप सांगायला नको. इथे पाहुण्याच्या गळ्यात फुलांऐवजी हातकताईच्या सुताचा हार घालायची पद्धत आश्रमांनी रुजवली. गांधीजींच्या हत्येनंतर विनोबांनी सूतांजलीची कल्पना मांडली. माणसाने स्वतः कातलेली एक गुंडी, म्हणजे जुन्या मापाने 640 तार, 12 फेब्रुवारीला अर्पण करायची. हत्येच्या आदल्याच वर्षी, नोव्हेंबर 1947 मध्ये, इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथ यांच्या लग्नात गांधीजींकडून गेलेली भेटही अशीच होती. त्यांनी स्वतः कातलेल्या सुताचं, मधोमध ‘जय हिंद’ विणलेलं जाळीदार वस्त्र. राजवाड्यातल्या हिऱ्यामोत्यांच्या आहेरात ते कुणाला साधं वाटलं असेल, पण सुती होतं, धुता येत होतं.

कापड आधी ओळखा

शिवण चुकली तर उसवता येते, कापड चुकलं तर सगळी मेहनत वाया. म्हणून कात्री हातात घेण्याआधी कापड सुती आहे की नाही ते बघा. हल्ली ‘कॉटन’ म्हणून मिळालेल्या कितीतरी साड्यांत पॉलिस्टर निघतं. कडेचे चार धागे ओढून चिमट्यात धरा आणि स्टीलच्या ताटलीवर पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटाने चुरगळते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि कडक काळा मणी उरतो. राखेत बारीक कडक कण लागले तर सूत मिश्र आहे. मिश्र कापडाच्या पिशव्या उत्तम होतात. अंगाला लागणारी कुठलीही वस्तू मात्र त्याची करू नये. समुद्रपूरच्या मे महिन्यात पॉलिस्टरचा अभ्रा डोक्याखाली घेऊन बघा, वेगळं सांगायला नको.

दुसरी परीक्षा जीर्णपणाची. कापड खिडकीसमोर धरा. जिथून उजेड जास्त येतो तिथलं सूत विरलं आहे. तो भाग दोन अंगठ्यांमध्ये धरून ताणा. चर्र आवाज झाला तर ते कापड गोधडीच्या आतल्या थराला किंवा पायपुसण्याला ठेवा.

साडी सगळीकडून सारखी झिजत नाही. बसण्याचा भाग, पायाजवळची किनार आणि खांद्यावर पिन लावायची जागा आधी जाते. सगळ्यात धड राहतं ते सुरुवातीचं टोक, जे कमरेभोवती पहिल्या वेढ्यात आत खोचलं जातं. ते बाकीच्या साडीइतक्याच वेळा धुतलं गेलेलं असतं, म्हणून मऊ असतं. पण त्याला ऊन लागलेलं नसतं आणि घासही बसलेला नसतो. बाळाचे कपडे करायचे तर याच टोकापासून कापायला घ्या.

रंग जातो का, हेही बघून घ्या. ओला पांढरा रुमाल कापडावर घासा. रंग उतरला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत ते कापड वेगळं धुवा. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, त्याच्या भरवशावर पांढऱ्या दुपट्याला लाल काठ लावू नका.

आणि नवं कापड जुन्याला जोडायचं असेल, समजा गोपुरीच्या ग्राम सेवा मंडळाची किंवा मगनवाडीची खादी अस्तराला आणली असेल, तर ती आधी भिजवून वाळवून घ्या. जुनं सुती कापड आटायचं तेवढं आटलेलं असतं, नवं अजून आटायचं असतं. दोन्ही तशीच शिवली की पहिल्या धुण्यात नवं आक्रसतं आणि शिवणीला चुण्या पडतात. दुकानातून शिवून आणलेली पिशवी वाकडी होते ती बहुधा यामुळेच.

खरी जरी असेल तर कात्री लावूच नका. जुन्या लुगड्याच्या काठात चांदी असू शकते. आधी ओळखीच्या सोनाराला दाखवा, मग ठरवा.

ब्लाऊज पीसची पिशवी

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवाचं वाण म्हणून प्लास्टिकचे डबे आणि चाळण्या लुटण्याचा आता कंटाळा यायला हवा. ओटीचे ब्लाऊज पीस या घरातून त्या घरात वर्षानुवर्षं फिरत असतात. त्यातले निम्मे आपल्याच घरून गेलेले असावेत असा मला दाट संशय आहे. ते कोरे असतात, त्यामुळे जुन्याची वस्तू दिली असं कुणी म्हणू शकत नाही.

80 सेंटिमीटरच्या एका पीसमधून दोन पिशव्या होतात. 15 इंच रुंद आणि 35 इंच लांब असे दोन तुकडे कापा. तुकड्याच्या दोन्ही आखूड बाजू दीड-दीड इंच आत दुमडून टीप मारा, हे पिशवीचं तोंड झालं. मग तुकडा मधोमध दुमडा. आता नीट लक्ष द्या. पहिली शिवण सुलट बाजूने, म्हणजे कापडाची चांगली बाजू बाहेर ठेवून, काठापासून पाव इंचावर घाला. सुटलेले धागे कापा, पिशवी उलटी करा आणि आतून आणखी पाव इंचावर दुसरी शिवण घाला. कापलेली कड दोन शिवणींच्या मध्ये बंद होते, आत धागे लोंबत नाहीत, अस्तर लागत नाही आणि धुतल्यावर पिशवी उसवत नाही. तयार माप साधारण 14 बाय 16 इंच, भाजीला पुरेसं. बंद त्याच कापडाचे केले तर दोन महिन्यांत पिळवटतात. ते जुन्या साडीच्या काठाचे करा. चार इंच रुंद पट्टीची चौपदरी घडी घालून दोन्ही कडांना टीप मारा आणि तोंडाशी चौकोन व त्यात फुली अशी शिवण घालून बसवा. दोन किलो कांदे टाकून उचलून बघा आणि मगच वाण म्हणून द्या.

जीन्सच्या पायाचं गणित याहून सोपं. गुडघ्याखालचा भाग झिजलेला नसतो. तो कापा, उलटा करा, तळाला दुहेरी टीप मारा, वर नाडी घाला. डब्याची किंवा पाण्याच्या बाटलीची पिशवी तयार. शेतात जाणाऱ्याला ही भेट फार आवडते. उन्हाळ्यात पिशवी ओली करून वाऱ्यावर टांगली की आतल्या बाटलीतलं पाणी बराच वेळ गार राहतं, जुन्या छागलीसारखं. शिवताना 16 नंबरची सुई लावा. साडीसाठी 11 नंबर चालतो, तोच जीन्सला लावला तर मोडणारच. जिथे पायाची जाड शिवण आडवी येते तिथे ती आधी बत्त्याने ठोकून चपटी करा आणि मशीनचं चाक हाताने फिरवत तेवढा इंच पार करा.

बाळंतविडा

बाळंतविडा ही आपल्याकडची सगळ्यात जुनी हातची भेट, आणि जुन्या कापडाला इथे खरा मान आहे. बारशापर्यंत बाळाला कोरं कापड घालायचं नाही अशी रीत अनेक घरांत पाळतात. कारण काहीही सांगोत, नव्या कापडातली खळ आणि खरखर नवजात कातडीला नकोच असते. आजोबांचं शेकडो वेळा धुतलेलं धोतर याबाबतीत दुकानातल्या कुठल्याही सेटला हरवतं.

झबल्यासाठी कापड दुहेरी घडी करून 10 इंच रुंद आणि 12 इंच लांब माप घ्या. बाही वेगळी जोडू नका, अंगासोबतच कापा, म्हणजे काखेत शिवण येत नाही. पुढून पूर्ण उघडं ठेवा, डोक्यातून घालायचं झबलं पहिल्या महिन्यात आई आणि बाळ दोघांनाही रडवतं. बटण, हुक, टिकली, मणी काही नको. बांधायला मऊ कापडाचे बंद, पाच-सहा इंचांहून लांब नाहीत, आणि गळ्याजवळ नाहीत, छातीवर. सगळ्या शिवणी बाहेरच्या बाजूला ठेवा. बघणाऱ्याला झबलं उलटं घातल्यासारखं दिसेल, दिसू दे. दुपटं एक मीटर चौरस, दोन पदरी. थंडीत द्यायचं असेल तर चार पदरी, कडेने साधा धावदोरा आणि मध्ये हातभर अंतरावर आडव्या-उभ्या ओळी, एवढंच.

शिवून झाल्यावर सगळं कढत पाण्यात धुवा, साबण निघेपर्यंत दोनदा खळबळा, कडक उन्हात वाळवा, इस्त्री करा.

इथे एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवलेलं कापड बाळासाठी वापरू नका. त्या गोळ्यांत नॅफ्थलीन असतं. ज्या बाळांमध्ये जन्मतः ‘जी-सिक्स-पीडी’ नावाच्या घटकाची कमतरता असते, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटतात आणि कावीळ धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. कोणत्या बाळात ही कमतरता आहे ते बघून कळत नाही. तेव्हा एकदा धुऊन चालेल का, असा विचार न करता दुसरं कापड घ्या. आणि मोहरीची उशी बाळंतविड्यातून आता काढून टाकावी. एक वर्षाच्या आतल्या बाळाला उशी देऊ नका असं डॉक्टर सांगतात. आजीला वाईट वाटलं तर त्याच कापडाचं आणखी एक दुपटं करा.

गोधडी, पण हलकी

गोधडीवर थोडं जास्त बोलते, कारण ती करायची हौस सगळ्यांना असते आणि अर्धवट राहते तीही गोधडीच.

गणित आधी मांडा. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब भरते, तिच्या तीन घड्या घातल्या की एका माणसाचं तीन पदरी पांघरूण होतं. नऊवारी लुगडं सव्वाआठ मीटर, म्हणजे दोन दोन मीटरच्या चार घड्या. कापायचंच नाही, घडी घालत जायचं. त्यामुळे दोन कडा आपोआप बंद राहतात. लुगडं मधे फाटलं असेल तर तो भाग आत जाईल अशी घडी घाला, धड भाग वर आणि खाली येऊ द्या. वरून ठिगळं लावून नक्षी करायची असेल तर ती याच वेळी टाचून घ्या, पदर एकत्र शिवल्यावर नाही.

पुढची पायरी बहुतेकजणी गाळतात आणि तिथेच गोधडी बिघडते. घडी घातलेलं कापड फरशीवर अंथरा, चार कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, काय असेल ते वजन ठेवा, आणि मधल्या बिंदूपासून चारही दिशांना लांब लांब कच्चा दोरा घाला. मगच पक्की शिवण. आपल्याकडे पक्का धावदोरा कडेकडेने चौकोन घालत आत नेतात. तो देखणा दिसतो, पण प्रत्येक फेरीला वरचं कापड थोडं पुढे सरकतं आणि शेवटी मधोमध फुगा उरतो. कच्च्या दोऱ्याने पदर आधीच बांधलेले असले तर तो फुगा येत नाही. टाके गव्हाच्या दाण्याएवढे, दोन ओळींत दोन बोटांचं अंतर. सुई लांब, मोठ्या नेढ्याची. मधल्या बोटात अंगुस्तान घाला, नाहीतर चार पदरांपलीकडे सुई ढकलताना बोटाला भोकं पडतात.

दोरा सुतीच घ्या. पॉलिस्टरचा दोरा मजबूत म्हणून दुकानदार पुढे करतो, पण जुन्या मऊ कापडात तो सुरीचं काम करतो. ओढाताण झाली की कापड चिरत जातो. दोरा कापडापेक्षा कमजोर असलेला बरा. ताण पडला तर दोरा तुटेल, तो पुन्हा घालता येतो. कापडच फाटलं तर तुमच्या पंधरा दुपारी गेल्या.

आत कापूस भरू नका. कपाशीच्या तालुक्यात राहून हे सांगणं विचित्र वाटेल, पण नुसता भरलेला कापूस पहिल्या धुण्यात गोळे होऊन एका कोपऱ्यात जमतो आणि मग पिंजाऱ्याशिवाय इलाज नाही. पदरांमधली हवाच ऊब देते. तसेच चारपेक्षा जास्त पदरही नकोत. पूर्वीच्या आठ-आठ पदरी वाकळा नदीवर दोघींनी मिळून पिळायच्या. आता नदीवर कोण जातं? चार पदरी गोधडी बादलीत मावते, एका बाईला पिळता येते आणि मे महिन्याच्या उन्हात तासाभरात वाळते.

मशीनवर करायची असेल तर टाका लांब ठेवा, पायाचा दाब कमी करा, सुई 16 नंबरची, आणि मधल्या ओळीपासून कडेकडे शिवत जा. मशीनची गोधडी लवकर होते, टिकतेही, मात्र हाताच्या टाक्याने येणारी ती बारीक सुरकुती तिला येत नाही. बंगालची कांथा आणि जपानची बोरो वस्त्रं आज संग्रहालयांत मांडलेली असतात, तीही अशीच, गरिबीत थरावर थर टाचून केलेली. आपल्या गोधडीला अजून कुणी काचेत ठेवलं नाही तर बरंच आहे, ती अंगावर आहे.

तान्ह्या पोळ्याची झूल

विदर्भाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं, की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मुलांचा पोळा असतो. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनची ही रीत. मुलं लाकडी नंदी सजवून, दोरीने ओढत मिरवतात आणि घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. आमच्या जिल्ह्यातला सिंदी (रेल्वे) चा तान्हा पोळा तर लांबून लोक बघायला येतात असा. नातवाला, भाच्याला लाकडी बैल विकतच घ्यावा लागतो, पण त्याची झूल घरी करता येते, आणि आहेराची ती न नेसलेली जरीची साडी इथे कामी येते.

बैलाच्या पाठीवर वर्तमानपत्र टाका. मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत एक माप, आणि एका बाजूच्या पोटाच्या निम्म्यापासून पाठीवरून दुसऱ्या बाजूच्या निम्म्यापर्यंत दुसरं. कागद तसा कापा आणि पुढच्या कडेच्या मधोमध वशिंड येईल तिथे एक चीर देऊन तिच्या टोकाला गोल कापा. बैलावर कागद बसतो का बघा. पाठीवर उचलला जात असेल तर चीर आणखी अर्धा इंच खोल करा. कागद नीट बसला की त्याच मापाने पदराचं एक आणि सुती अस्तराचं एक कापड कापा, कडेने अर्धा इंच जास्तीचं ठेवून. दोन्हींच्या चांगल्या बाजू आत ठेवून शिवा, एका बाजूला तीन इंच उघडं सोडा, तिथून उलटवा, उघडा भाग हाताने बुजवा. वशिंडाच्या गोलाईत शिवणीपर्यंत बारीक चिरा दिल्याशिवाय उलटवू नका, नाहीतर तिथे कापड गोळा होतं. कडेने साडीचाच काठ लावा, चार कोपऱ्यांना रंगीत सुताचे गोंडे, पोटाखाली बांधायला दोन बंद. जरी आहे म्हणून ही झूल बादलीत टाकता येणार नाही, इथे माझाच नियम थोडा वाकतो. पण वर्षातून एक दिवस वापरायची वस्तू ती, झटकून सुती फडक्यात गुंडाळून ठेवली की पुढच्या भादव्यालाही निघते.

पांढऱ्या धोतराला पिवळा रंग

होळीच्या सुमारास गिरडच्या बाजूला पळस फुलतो तेव्हा फुलं गोळा करून सावलीत वाळवून ठेवा. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात, ज्याचं उद्घाटन 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींच्या हस्ते झालं, नैसर्गिक रंगांच्या खादीवर बरंच काम झालं आहे आणि ‘मगन खादी’ त्याच रंगांसाठी ओळखली जाते. घरी त्यातलं अगदी सोपं एवढंच करता येतं. पाव किलो सुती कापडाला 50 ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यात घालून रात्रभर भिजवा, पिळून वाळवा. मग 40 ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात तासभर ठेवा. पाव किलो वाळलेली पळसफुलं पाच लिटर पाण्यात तासभर उकळून गाळा आणि त्या पाण्यात कापड मंद आचेवर पाऊण तास ढवळा. स्टीलचं भांडं घ्या. लोखंडी कढईत हिरड्याचा आणि लोखंडाचा संयोग होऊन कापड काळपट पडतं. रंगाचं भांडं पुन्हा स्वयंपाकाला नको. पिवळा रंग छान येतो, उन्हात मात्र उडतो, तेव्हा सावलीत वाळवा. पॉलिस्टरला हा रंग चढतच नाही, म्हणून ती जळत्या धाग्याची परीक्षा आधी.

कुणाचं कापड, कुणाला द्यायचं

शिवणकामापेक्षा हे अवघड आहे. वापरलेल्या कापडाची वस्तू घरच्या माणसाला दिली तर माया, परक्याला दिली तर अपमान, असं आपल्याकडे अजून मानतात आणि त्यात चूक आहे असं मला वाटत नाही. व्याह्यांकडे, शेजारी, मुलांच्या शिक्षिकेला द्यायचं ते कोऱ्या कापडाचं. ब्लाऊज पीस आहेत, शिंप्याकडे कपडे शिवताना उरलेली कतरण मिळते. जुनेराचं जे काही असेल ते लेकीला, सुनेला, बहिणीला, भाच्यांना. बाळंतविडा याला अपवाद, तिथे जुनं कापड सगळीकडे चालतं, पण कुणाचं आहे ते सांगून द्या.

गेलेल्या माणसाचं लुगडं कापायच्या आधी घरातल्या सगळ्यांना विचारा. काही घरांत ते दान करतात, काहींत ठेवून देतात. तीन मुलींपैकी एकीने मनाने कापून टाकलं आणि उरलेल्या दोघी वर्षभर बोलल्या नाहीत, असे प्रकार होतात. सगळ्यांची संमती असेल तर एका लुगड्याच्या तीन छोट्या चौघड्या कराव्यात, प्रत्येकीला एक, आणि काठाचा तुकडा प्रत्येकीच्या वाट्याला येईल असं बघावं.

काहींना वाटतं, एवढं जमतंय तर विकूया. बचत गटातून पिशव्या विकता येतात, त्याला गिऱ्हाईक आहे. हाताच्या गोधडीला मात्र तालुक्याच्या बाजारात मजुरीचा भाव मिळत नाही. शेतमजुरीच्या दराने तास मोजले तर जी किंमत होते ती ऐकून गिऱ्हाईक निघून जातं. शहरातल्या प्रदर्शनात ती किंमत मिळू शकते. गोधडी घरासाठी करा, विकायला पिशव्या.

जे काहीच होण्याच्या लायकीचं नाही ते बोहारणीला द्या. लोकरीचे फाटके कपडे हरियाणातल्या पानिपतला जातात, तिथे त्यांचा धागा पुन्हा काढून स्वस्त ब्लँकेटं विणतात. पॉलिस्टरच्या चिंध्या चुलीत घालू नका, धूर विषारी असतो.

कामाची वेळ शेताकडे बघून ठरवावी लागते. वेचणीच्या दिवसांत, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, कुणाला सवड नसते. म्हणून वाणाच्या पिशव्या नवरात्राआधीच कापून ठेवा, शिवायला मग थोडंच उरतं. गोधडी एप्रिल-मेच्या दुपारी घ्या आणि मृगाच्या आत संपवा, पावसात ती वाळत नाही. झूल श्रावणात. यंदा एकच वस्तू करायची असेल तर ब्लाऊज पीसची पिशवी करा. कपाट उघडा, ओटीचे पीस मोजा आणि आज निदान दोन कापून ठेवा.